उताराचा छेद मागा : नगर रचना विभागाला आणि कोकणातल्या ग्रामपंचायतींना खुले पत्र

प्रति,
संचालक, नगर रचना आणि मूल्यनिर्धारण विभाग, महाराष्ट्र राज्य,
तसेच रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील नगरपरिषदा, नगरपंचायती आणि ग्रामपंचायती

महोदय,

कोकणात घर बांधण्याच्या परवानगीसाठी जी फाईल आपल्या टेबलावर येते तिच्यात सातबारा असतो, मोजणीचा नकाशा असतो, मजल्यांचे आराखडे, दर्शनी बाजू, पार्किंगचा हिशेब, सगळे असते. उतार नसतो. इमारतीचा जो एक छेद, म्हणजे उभे कापून बाजूने पाहिल्यासारखे चित्र, नकाशात काढलेला असतो त्यात जमीन म्हणजे पट्टी लावून ओढलेली एक आडवी रेघ. प्रत्यक्षात तोच भूखंड रस्त्यापासून मागच्या वहाळापर्यंत चार-पाच मीटर खाली उतरलेला असतो. आपण ज्या कागदावर सही करता त्या कागदावरची जमीन आणि ज्या जमिनीवर घर उभे राहणार ती जमीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझी मागणी एकच आहे. उतारावरच्या प्रत्येक बांधकामाच्या फाईलमध्ये उताराच्या सर्वांत उभ्या दिशेने काढलेला जमिनीचा एक खरा छेद मागा. त्यात मूळ जमीन, कापणी, भराव, प्रत्येक फूटिंगचा, म्हणजे कॉलमखालच्या पसरट पायाचा, तळ, त्या तळापासून उताराच्या पृष्ठभागापर्यंतचे आडवे अंतर आणि पाण्याची वाट दाखवलेली असावी. तो नसेल तर फाईल परत करा. असा छेद इतका निर्णायक का आहे, हे सांगण्यासाठी हे पत्र आहे.

माती आणि पाया हेच माझे काम आहे. या तीन जिल्ह्यांत बोअर घेणे, खड्डे उघडून पाहणे, मातीचे अहवाल लिहिणे, आणि गेल्या काही वर्षांत वाढत्या संख्येने, भेगा पडलेल्या नव्या घरांना जाऊन कारण शोधणे, असे माझे दिवस जातात.

एक गोष्ट आधीच वेगळी करतो. ३० जुलै २०१४ चे माळीण, २२ जुलै २०२१ चे तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्रीची इर्शाळवाडी, या दुर्घटनांत वरचा डोंगर खाली आला. तिथे घराचा पाया कसाही असता तरी उपयोग नव्हता, आणि त्या वस्त्यांचा प्रश्न पुनर्वसनाचा आहे. मी लिहितो आहे ते त्याहून लहान, संथ आणि बातमीत न येणाऱ्या बिघाडाविषयी : दरीकडच्या बाजूला कलणारा व्हरांडा, दुसऱ्या पावसाळ्यात उघडणारी तिरकी भेग, पोट काढून उभी असलेली संरक्षक भिंत. यांत माणसे मरत नाहीत तोवर कोणी मोजत नाही. पण कुटुंबाची आयुष्यभराची कमाई त्यात जाते, आणि यांतले बहुतेक बिघाड नकाशाच्या टप्प्यावर टाळता येण्यासारखे असतात.

आपल्याकडची जवळजवळ सगळी घरे उथळ पायावर उभी असतात. म्हणजे चार-पाच फूट खोदायचे, पीसीसी, म्हणजे साध्या काँक्रीटचा थर, टाकायची, त्यावर जाळी आणि फूटिंग. सपाट जमिनीवर असे फूटिंग भार घेते ते केवळ त्याच्या खालच्या मातीच्या बळावर नव्हे. भार वाढला की खालची माती दबून दोन्ही बाजूंना सरकू पाहते आणि तिथून वर येऊ पाहते. तिला थोपवून धरते ती फूटिंगच्या आजूबाजूची माती. उतारावर दरीकडच्या बाजूला ही थोपवणारी माती कमी असते, कधी कधी नसतेच. भरपावसात शेताच्या बांधाच्या मधोमध पाय दिला तर तो टिकतो आणि कडेवर दिला तर कड घेऊन खाली जातो, ते याच कारणाने. माती तीच, पाय तोच, फक्त एका बाजूचा आधार गेलेला असतो.

हे शास्त्र नवे नाही. मेयरहॉफ यांनी १९५७ साली लंडनच्या मृदा यांत्रिकी परिषदेत उतारावरच्या आणि उताराच्या माथ्याजवळच्या पायांची धारणक्षमता, म्हणजे जमीन किती भार पेलेल ते, काढण्याची रीत मांडली. पुढे सत्तरच्या दशकात हॅन्सन आणि वेसिक यांनी उतारासाठी सोपे गुणक दिले. वेसिक यांचा गुणक तर कोणालाही कागदावर करता येईल : उताराचे प्रमाण एकातून वजा करा आणि येईल त्याचा वर्ग करा. उतार १:५, म्हणजे पाच मीटर आडवे जाताना एक मीटर खाली, असेल तर एकातून ०.२ वजा, राहिले ०.८, त्याचा वर्ग ०.६४. म्हणजे मुरूम किंवा वाळूसारख्या, चिकटपणा नसलेल्या मातीत, उतारावरच बसवलेल्या फूटिंगची अंतिम धारणक्षमता सपाट जमिनीच्या ६४ टक्के उरते. १:३ उतारावर ती ४४ टक्के होते. १:२ वर २५ टक्के.

यातला १:५ हा आकडा आपल्याला परिचित आहे. त्याहून तीव्र उतारावर बांधकाम नको, ही मर्यादा आपल्या विकास नियंत्रण नियमांत आहे आणि पुण्याच्या टेकड्यांच्या वादामुळे ती सामान्य वाचकालाही ठाऊक झाली आहे. नियम योग्यच आहे. पण तो फक्त हो किंवा नाही एवढेच सांगतो. ‘हो’ म्हटल्यानंतर कसे, हा प्रश्न नकाशा तपासताना कोणी विचारत नाही. नियमात बसणाऱ्या उतारावरही क्षमतेचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग गेलेला असू शकतो, आणि मंजुरीच्या शिक्क्याने तो परत येत नाही. शिवाय उतार मोजायचा कुठे? पूर्ण भूखंडाची सरासरी १:६ येते. घर मात्र मागच्या कडेला बसवलेले असते, कारण समुद्र तिथून दिसतो, आणि त्या कडेवर उतार १:२ असतो. सरासरीने कोणत्याही फूटिंगला आधार मिळत नाही.

आता फूटिंगच्या खोलीकडे पाहा. ‘पाच फूट खोल’ असे नकाशावर लिहिलेले असते. पाच फूट कुठून? कंत्राटदार मोजतो ती डोंगराकडची बाजू, कारण खड्डा तिथे जास्त खोल दिसतो. दीड मीटर रुंदीच्या खड्ड्यात १:३ उतारावर दोन बाजूंच्या खोलीत अर्ध्या मीटरचा फरक पडतो. वरच्या बाजूला दीड मीटर असेल तर दरीकडे एकच मीटर. १:२ उतारावर दरीकडे पाऊण मीटर. जी बाजू आधीच कमकुवत आहे तिथेच माती कमी, आणि कागदावर मात्र पाच फूट.

मग सगळी घरे कोसळत का नाहीत? कारण आपण धारणक्षमता काढताना अडीच ते तीन पट सुरक्षितता ठेवतो. ही उशी पुष्कळ चुका पोटात घालते. पण तिचा हिशेब मांडून पाहा. तीन पट सुरक्षितता धरलेले फूटिंग १:३ उतारावर आले की उरते साधारण १.३ पट. पावसाळ्यात पाणी फूटिंगच्या तळाच्या वर आले की पाण्यात बुडालेल्या मातीचे परिणामी वजन जवळपास निम्मे होते आणि चिकटपणा नसलेल्या मातीची क्षमताही निम्म्याच्या आसपास येते. १.३ चे निम्मे म्हणजे एकाच्या खाली. हे सर्वांत वाईट परिस्थितीचे गणित आहे हे मान्य. फूटिंग कडेपासून जसजसे आत जाते तसतसा उताराचा परिणाम कमी होतो, आणि फूटिंगच्या रुंदीच्या काही पट आत गेले की तो जवळजवळ संपतो. आपल्या मुरुमात थोडा चिकटपणाही असतो. पण घर उन्हाळ्यात ठणठणीत का असते आणि जुलैत दार का अडकू लागते, याचे उत्तर या गणितात आहे. कोरड्या मुरुमाची कापणी उभी राहते तीही याच फसव्या बळावर. कोरडेपणात मातीच्या कणांमधल्या ओलाव्याचा ताण त्यांना धरून ठेवतो. पाऊस मुरला की तो ताण जातो. मे महिन्यात पाहिलेल्या कापणीवरून जुलैतल्या जमिनीचा अंदाज बांधू नये.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात याच्या जोडीला जांभा आहे. सड्यावरचा जांभा वरून टणक असतो आणि पायाखोदाईत ‘कातळ लागला’ हा शब्द ऐकला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. खोदाई थांबते, पुढचा पैसा वाचतो. पण जांभा जसा खाली जातो तसा बऱ्याच ठिकाणी मऊ होत जातो, आणि त्याच्या खाली, मूळ काळ्या खडकाच्या वर, पांढुरकी, गुलाबी किंवा पिवळट अशी मऊ चिकणमाती असते. पाऊस छिद्रांतून आणि फटींतून झिरपत जातो आणि या मातीच्या थरावर अडतो. सड्याच्या कडेला जिथे झरे फुटतात ती जागा बहुधा या दोन थरांच्या सांध्याची असते. तिथली मऊ माती पाण्याबरोबर हळूहळू निघून गेली की वरचा जांभा अधांतरी राहतो, त्यात उभ्या फटी उघडतात आणि चिऱ्यांचे मोठाले ठोकळे सुटतात. अशा कडेपासून दोन-तीन मीटरवर बंगल्याचे कॉलम उभे करताना फूटिंगखाली कातळ आहे हे पुरेसे नाही. त्या कातळाखाली काय आहे, आणि कड किती जवळ आहे, हे कळले पाहिजे. डोंगराच्या पायथ्याशी वेगळी फसगत होते. तिथे जुन्या दरडींचा राडारोडा साचलेला असतो आणि खोदताना लागलेला ‘खडक’ हा त्यातला एखादा मोठा धोंडा असतो. त्याच्याखाली पुन्हा माती.

अशा एका घराला मी गेलो होतो. कोणाचे, कुठले, हे सांगण्याचे कारण नाही. मातीचा अहवाल होता, व्यवस्थित होता, धारणक्षमतेचा आकडाही अवाजवी नव्हता. पण बोअर घेतला होता भूखंडाच्या सपाट भागात, गाडी जिथे सहज पोहोचते तिथे. घर बसवले होते कडेला, अर्धे कापलेल्या मुरुमावर आणि अर्धे त्याच कापणीतून निघालेल्या भरावावर. अहवालातल्या जमिनीवर त्या घराचे एकही फूटिंग नव्हते. मालकांच्या हातात अहवाल होता, नकाशा होता, मंजुरी होती. कागद सगळे बरोबर होते.

हा कापणी-भरावाचा प्रकार आता कोकणात सर्वत्र दिसतो, आणि माझ्या मते निम्म्याहून अधिक दुखणी तिथून सुरू होतात. जेसीबी डोंगराकडची बाजू कापतो आणि निघालेली माती दरीकडे लोटतो. मूळ गवत, पालापाचोळा, वरची भुसभुशीत माती तशीच खाली गाडली जाते. पायऱ्या न काढता गुळगुळीत उतारावर टाकलेला भराव त्या पृष्ठभागावरून घसरायला मोकळा असतो. खरे तर भराव टाकण्याआधी वरची माती काढून उताराला पायऱ्या कापायच्या असतात, भराव नऊ ते बारा इंचांच्या थरांत टाकून, पाणी मारून, प्रत्येक थर रोलरने दाबायचा असतो. दोन-तीन मीटर भराव एका दिवसात लोटून त्यावर महिन्याभरात पीसीसी टाकली तर पहिल्या पावसात तो बसणारच.

किती बसला तर चालते? उथळ पायांसाठीच्या भारतीय मानक १९०४ मध्ये काँक्रीटच्या चौकटीच्या घरासाठी दोन शेजारच्या कॉलमच्या खचण्यातला फरक त्यांच्यातल्या अंतराच्या ०.००१५ पट इतका मर्यादित ठेवला आहे. कॉलममध्ये चार मीटर अंतर असेल तर सहा मिलिमीटर. आता तीन मीटर जाडीचा सैल भराव समजा केवळ एक टक्का बसला, तर ते ३० मिलिमीटर होतात. त्याच घराची दुसरी बाजू कापलेल्या कठीण मुरुमावर आहे, ती जवळजवळ बसतच नाही. मर्यादेच्या पाचपट फरक एका पावसाळ्यात. मग तिरक्या भेगांना प्लास्टर, पुट्टी आणि रंग यांचा वार्षिक कार्यक्रम सुरू होतो. अशा घराचे सगळे पाये एकाच प्रतीच्या जमिनीवर, म्हणजे भराव पार करून मूळ कठीण थरावर नेले पाहिजेत. त्यासाठी दरीकडचे कॉलम लांब होतील, आणि तेव्हा आणखी एक काळजी घ्यावी लागेल. एकाच घरात काही कॉलम आखूड आणि काही लांब असले की भूकंपात आखूड कॉलमवर जास्त जोर येतो. १९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप ज्या पट्ट्याने अनुभवला तिथे ही गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही.

फूटिंग नीट असले तरी प्रश्न संपत नाही. पाया आपल्या जागी पक्का आणि तो ज्या उतारावर बसला आहे तो उतारच सरकतो आहे, असेही होते. उत्तराखंडातले जोशीमठ हे त्याचे मोठे उदाहरण. ते शहर जुन्या दरडीच्या राशीवर वसले आहे. १९७६ साली मिश्रा समितीने तिथे अवजड बांधकामे, खोदकाम आणि धोंडे हलवणे यांवर बंधने घालायला सांगितले होते. २०२३ च्या जानेवारीत तिथल्या आठशेहून अधिक इमारतींना भेगा पडलेल्या आढळल्या. त्या प्रत्येक इमारतीचे फूटिंग स्वतंत्रपणे तपासले असते तर कित्येक पास झाली असती. आपल्याकडचे प्रमाण लहान आहे, तत्त्व तेच. उताराच्या माथ्यावर भार टाकणे, पायथ्याशी कापणे आणि मध्ये पाणी मुरवणे या तीन गोष्टींनी उतार सरकतो, आणि एका प्लॉटिंगमध्ये या तिन्ही गोष्टी तीन वेगवेगळे मालक करत असतात. वरच्याने बंगला बांधला, खालच्याने रस्त्यासाठी पायथा कापला, मधल्याने शोषखड्डा केला. तिघांच्या फाईली वेगळ्या, तिघांनाही परवानगी. म्हणून मी म्हणतो की छेद भूखंडाच्या हद्दीवर थांबता कामा नये. वरच्या आणि खालच्या शेजाऱ्याच्या जमिनीत, उताराच्या उंचीइतका तरी, तो पुढे न्यावा.

पाण्याविषयी थोडे अधिक लिहितो, कारण इथे पाण्यावाचून काहीच बिघडत नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतांश चार महिन्यांत. जुन्या घरांच्या मागे, परसदारी, डोंगरातून येणारे पाणी वळवणारा चर असायचा आणि पावसाआधी तो साफ केला जायचा. पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून लांब जायचे. मी जुन्याचे गोडवे गाणाऱ्यांपैकी नाही. ती घरे टिकली त्याचे मोठे कारण ती बैठी आणि हलकी होती, आणि दरडींखाली गेलेल्या वाड्याही जुन्याच होत्या. पण तो चर मात्र खरे अभियांत्रिकी काम होते. आज त्या जागी डोंगराकडच्या कापणीला खेटून स्वयंपाकघराची भिंत येते. छपराचे पाइप अंगणात सोडून दिलेले असतात. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा दरीकडच्या भरावात, म्हणजे जिथे पाणी सर्वांत कमी मुरायला हवे तिथे. आणि आता काही भूखंडांवर कडेलाच पोहण्याचा तलाव. तलाव गळू लागला की भराव आतून वर्षभर ओला राहतो, पावसाळा संपला तरी.

संरक्षक भिंतीचेही तेच. तीन मीटर उंचीच्या भिंतीमागे पाणी तुंबून वरपर्यंत आले तर नुसत्या पाण्याचा जोर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे साडेचार टन होतो. मातीचा वेगळा. दोन्ही मिळून कोरड्या मातीच्या दाबाच्या दुप्पट. भिंतीतली पाणी निघण्याची छिद्रे आणि त्यांच्यामागचा खडीचा थर यांवर सगळे अवलंबून असते, आणि खडीऐवजी मागे तीच कापणीची माती भरली की छिद्रे एका पावसात बुजतात. २०१९ च्या पावसाळ्यात २९ जूनला पुण्यात कोंढव्याला आणि २ जुलैला मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंती कोसळून किती माणसे गेली ते आपल्याला आठवत असेल. कोकणातल्या वाड्यांवर आज उभ्या राहणाऱ्या चिऱ्याच्या उंच भिंती बहुतेक वेळा गवंड्याच्या अंदाजावर बांधलेल्या असतात. एका मीटरच्या गडग्याला तो अंदाज पुरतो. तीन-चार मीटरच्या, माती पेलणाऱ्या आणि वर घराचा भार असलेल्या भिंतीला पुरत नाही. तीही इमारतीइतकीच रचना आहे आणि तिचेही गणित फाईलमध्ये असले पाहिजे.

आता, यासाठी नवा कायदा हवा का? नको. भारतीय मानक १९०४ च्या १९८६ च्या आवृत्तीत उताराशेजारच्या पायासाठी स्पष्ट नियम आहे : पायाच्या खालच्या कडेपासून उताराच्या पृष्ठभागापर्यंत आडवे अंतर मातीत किमान ९० सेंटिमीटर आणि खडकात किमान ६० सेंटिमीटर असावे. मातीत पायाच्या कडेतून आडव्या रेषेशी ३० अंश करून खाली उतरणारी रेषा उताराच्या पृष्ठभागाला छेदता कामा नये. वर-खाली असलेल्या दोन शेजारच्या फूटिंगमधली उतरण दोन आडवे, एक उभे यापेक्षा तीव्र नको. डोंगराळ भागातल्या इमारतींच्या जागेच्या निवडीसाठी भारतीय मानक १४२४३ वेगळे आहे. माझ्या मते ९० सेंटिमीटर हे आपल्या पावसाच्या आणि जांभ्याच्या प्रदेशात फारच कमी आहे. अमेरिकेतल्या इमारत संहितेत उभ्या उताराच्या माथ्यापासून पाया उताराच्या उंचीच्या एकतृतीयांश मागे ठेवायला सांगितले आहे, ती पद्धत मला अधिक शहाणपणाची वाटते, कारण ती उताराच्या उंचीचा विचार करते. पण हा ९० सेंटिमीटरचा नियम तरी पाळला जातो का, हे तपासायचे कसे? छेदाशिवाय ते तपासताच येत नाही. सपाट रेघेच्या नकाशावर तो नियम मोडतही नाही आणि पाळलाही जात नाही.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडप्रवणतेचे नकाशे केले आहेत, ते पुरेसे नाहीत का, असा प्रश्न मला काही अधिकाऱ्यांनी विचारला आहे. ते काम मोलाचे आहे, तालुक्याच्या नियोजनासाठी ते वापरलेच पाहिजे. पण त्यांचे प्रमाण १:५०,००० आहे. त्या नकाशावर २० मीटरचा भूखंड ०.४ मिलिमीटरचा होतो, पेन्सिलीच्या टोकाएवढा. फूटिंग कडेपासून एक मीटरवर आहे की चार मीटरवर, हे तो नकाशा सांगू शकत नाही. ते सांगणे त्याचे कामही नाही.

म्हणून पुन्हा मूळ मागणीकडे येतो, थोड्या तपशिलाने. छेद १:१०० प्रमाणात असावा आणि मोजणी करून काढलेला असावा, अंदाजाने नव्हे. एका भूखंडाची अशी मोजणी लेव्हल यंत्राने अर्ध्या दिवसात होते. मातीच्या अहवालात बोअर किंवा खड्डा घराच्या जागेवर, आणि त्यातला एक तरी दरीकडच्या ओळीत घेतल्याचे दाखवावे. धारणक्षमतेचा आकडा सपाट जमिनीचा आहे की उतार धरून काढलेला, आणि पाण्याची पातळी कुठे धरली, हे एका वाक्यात लिहिलेले असावे. ज्या अहवालात उतार हा शब्दच नाही तो उतारावरच्या घरासाठी स्वीकारू नये.

दुसरी गोष्ट तपासणीच्या वेळेची. सध्या जोते तपासणी होते ती जोते झाल्यावर. तोवर फूटिंग गाडली गेलेली असतात, भराव झालेला असतो, आणि तपासणाऱ्याला दिसते ती फक्त जोत्याची लांबी-रुंदी आणि सामासिक अंतरे, म्हणजे घराभोवती सोडलेली मोकळी जागा. उतारावरच्या घरांसाठी एक तपासणी खड्डे उघडे असताना, पीसीसीच्या आधी व्हायला हवी. आपल्याकडे माणसे कमी आहेत हे मी जाणतो. अधिकारी प्रत्येक ठिकाणी जाऊ शकणार नाही. पण स्ट्रक्चरल इंजिनिअरने स्वतः खड्ड्यांवर जाऊन, मोजपट्टी धरून, जागा आणि तारीख नोंदवलेली छायाचित्रे सहीनिशी सादर करावीत, एवढी अट घालता येते. ज्या इंजिनिअरने जागा पाहिलेलीच नाही अशांच्या सह्या किती नकाशांवर आहेत, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत आहे. माझ्या समव्यवसायींना हे वाक्य रुचणार नाही. तरी ते लिहिणे भाग आहे.

आणि लहान घरे. ग्रामीण भागातल्या लहान बांधकामांना नगर रचना कार्यालयाच्या फेऱ्यांतून सूट दिलेली आहे, आणि गरीब माणसाला तालुक्याच्या चकरा माराव्या लागू नयेत या हेतूने ती दिलेली आहे. ती काढून घेऊ नका. पण घरकुल घेणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला गावातली सर्वांत अवघड जागा येते, वाडीच्या टोकाची, वहाळाच्या कडेची, कारण सपाट जागा आधीच गेलेल्या असतात. त्यांच्याकडून मातीच्या अहवालाचे पैसे मागणे अन्याय होईल. तिथे पंचायत समितीच्या अभियंत्याने खड्डे उघडे असताना एक भेट द्यावी आणि चार गोष्टी पाहाव्यात : सगळे पाये मूळ जमिनीवर आहेत का, खोली दरीकडून मोजली आहे का, कडेपासून अंतर किती आहे, आणि वरचे पाणी व सांडपाणी कुठे जाणार आहे. अनुदानाचा पहिला हप्ता आणि पुढचा हप्ता यांच्यामध्ये ही भेट बसवता येते. जागा खरोखरच वाईट असेल तर ती बदलण्याचा अधिकार आणि पर्यायी जागा शोधण्याची जबाबदारी ग्रामसभेला उचलावी लागेल. ते सोपे नाही. पण पाया भरण्याआधी तो वाद होणे भिंती उभ्या राहिल्यावर होण्यापेक्षा कितीतरी बरे.

खर्चाचा मुद्दा नक्की निघेल, म्हणून त्याचे उत्तर देतो. छेद आणि एक-दोन जास्तीचे खड्डे यांचा खर्च बंगल्याच्या फरशीच्या खर्चापुढे किरकोळ असतो. घर कडेपासून तीन मीटर आत घेतले तर खर्च वाढत नाही, उलट भरावाचा आणि उंच भिंतीचा खर्च वाचतो. भेगा पडल्यावर उतारावरच्या घराचा पाया खालून बांधून काढण्याचे काम मी पाहिले आहे. तिथे यंत्र पोहोचत नाही, कामगार धोक्यात काम करतात आणि मालकाला शेवटी पूर्ण खात्री कोणीच देऊ शकत नाही.

कोकणात पायाखोदाई पावसाळ्यात थांबते आणि दसरा-दिवाळीनंतर पुन्हा सुरू होते. या मागणीचे परिपत्रक दसऱ्याच्या आधी निघाले तर या हंगामातल्या खड्ड्यांना ते लागू होईल. उशिरा निघाले तर एक पूर्ण हंगाम जुन्याच पद्धतीने गाडला जाईल. जांभ्याचा सडा, मुरुमाचा उतार आणि कापणी-भरावाचा भूखंड अशा तीन प्रकारांसाठी नमुना छेद मी काढून ठेवले आहेत. परिपत्रकाला जोडण्यासाठी ते विनामूल्य देईन, आणि आपण बोलवाल त्या तालुक्यात येऊन अभियंते, ग्रामपंचायत अधिकारी आणि गवंडी यांना उघड्या खड्ड्यावर उभे राहून समजावून सांगेन.

आपला,
रत्नागिरी जिल्ह्यातील एक भूतांत्रिक अभियंता